प्रकल्पाचा निर्णय आणि लोकांची दाद : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

धरण, खाण, वीजप्रकल्प, कचराभूमी, रस्ता किंवा विकास आराखडा यांविषयीचे निर्णय ज्यांच्या पाण्यावर, जमिनीवर आणि आरोग्यावर परिणाम करतात, त्या लोकांना अशा निर्णयांविरुद्ध खरोखर दाद मागता येते का, या विषयावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. मुदती आणि कार्यपद्धती देशोदेशी वेगळ्या असल्याने प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला स्वतंत्रपणे घ्यावा.

प्रश्न : न्यायालयाचे दार कायद्याने सर्वांनाच खुले आहे. ज्याचे नुकसान झाले त्याने दावा लावावा आणि भरपाई मिळवावी. मग पर्यावरणाच्या बाबतीत 'न्यायापर्यंत पोहोचण्याचा हक्क' असा वेगळा हक्क मानण्याचे कारण काय?

उत्तर : दिवाणी दाव्याची नेहमीची कल्पना अशी आहे की, नुकसान आधी होते, ते कोणा एका व्यक्तीचे असते, पैशात मोजता येते आणि त्यानंतर ती व्यक्ती न्यायालयात जाते. प्रकल्पाला परवानगी देण्याच्या निर्णयात यांतले जवळजवळ काहीच लागू पडत नाही. नुकसान अजून व्हायचे असते, ते हजारो लोकांत थोडेथोडे वाटले जाणार असते, भूजलावर किंवा नदीवर कोणा एकाची मालकी नसते, आणि एकदा डोंगर फोडला किंवा झरा आटला की कोणत्याही हुकूमनाम्याने तो परत आणता येत नाही. त्यामुळे या क्षेत्रात दाद मागण्याचा खरा काळ निर्णयाच्या आसपासचा असतो. नुकसान होऊन गेल्यावर उरते ती केवळ भरपाईची मोजदाद.

ही जाणीव आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रथम ठसठशीतपणे मांडली गेली ती १९९२ सालच्या रिओ जाहीरनाम्याच्या दहाव्या तत्त्वात. पर्यावरणाविषयीची माहिती मिळणे, निर्णयप्रक्रियेत भाग घेता येणे आणि न्यायालयीन व प्रशासकीय दाद परिणामकारकपणे मागता येणे, अशा तीन गोष्टी तेथे एकत्र सांगितल्या आहेत. डेन्मार्कमधील आऱ्हूस येथे २५ जून १९९८ रोजी मान्य झालेल्या कराराने युरोप आणि मध्य आशियातील देशांसाठी या तत्त्वाला बंधनकारक कायद्याचे रूप दिले. तो ऑक्टोबर २००१ मध्ये अमलात आला. लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन देशांचा तसाच करार कोस्टा रिकामधील एस्काझू येथे मार्च २०१८ मध्ये मान्य झाला आणि एप्रिल २०२१ मध्ये अमलात आला. भारत या दोन्ही करारांचा पक्षकार नाही, पण ही तिन्ही तत्त्वे येथील कायद्यात वेगवेगळ्या वाटांनी आलेली आहेत. या तिन्ही गोष्टी एकमेकींवाचून लंगड्या पडतात, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. ज्याला अहवालच वाचायला मिळाला नाही त्याने हरकत कशावर घ्यायची, आणि ज्याची हरकत कोठे नोंदलीच गेली नाही त्याने न्यायालयात काय दाखवायचे, हे प्रश्न लगेच उभे राहतात.

प्रश्न : प्रकल्पाची कागदपत्रे मागितली की ती 'व्यावसायिक गोपनीय' असल्याचे उत्तर मिळते. अशा उत्तराला आव्हान देता येते का?

उत्तर : देता येते, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण स्लोव्हाकियातील पेझिनोक या लहान शहराचे आहे. शहरालगतच्या मातीच्या जुन्या खाणीत कचराभूमी उभारण्याची परवानगी देण्यात आली होती. ती कचराभूमी नेमक्या त्याच जागी का, हे ज्या स्थाननिश्चितीच्या निर्णयावरून कळले असते, तोच कागद लोकांसमोर ठेवलेल्या कागदपत्रांत नव्हता. रहिवाशांनी तो मागितला तेव्हा व्यावसायिक गुपिताचे कारण पुढे करण्यात आले. लोकांना कचराभूमीच्या बांधणीविषयी बोलण्याची मुभा होती, पण जिच्यावरून सारा वाद होता त्या जागेविषयीचा कागद मात्र बंद होता. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेले. १५ जानेवारी २०१३ च्या निकालात त्या न्यायालयाने सांगितले की, स्थाननिश्चितीचा निर्णय हा प्रकल्पाच्या परवानगीशी थेट निगडित असल्याने तो लोकांना उपलब्ध झालाच पाहिजे, आणि गोपनीयतेच्या नावाखाली संपूर्ण कागद अडवून ठेवता येणार नाही. त्याच वर्षी स्लोव्हाकियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कचराभूमीच्या विरोधात निकाल दिला. या लढ्यातील वकील झुझाना चापुटोव्हा पुढे २०१९ मध्ये त्या देशाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या.

आपल्या उपयोगाचा भाग असा की, गोपनीयतेचा दावा पूर्ण कागदासाठी सहसा टिकत नाही. एखादे उत्पादनसूत्र किंवा कंत्राटातील दर झाकून उरलेला कागद देता येतो. म्हणून अर्जातच 'जो भाग गोपनीय असेल तो वगळून उरलेला द्यावा' असे लिहून ठेवावे. त्यामुळे सरसकट नकार देणाऱ्याला कोणता भाग का झाकला, याचे कारण द्यावे लागते.

प्रश्न : सुनावणी झाली, लोक तासन्‌तास बोलले, इतिवृत्तही लिहिले गेले, परंतु निर्णय आधीच झालेला होता असे सर्वांना वाटते. अशी सुनावणी कायद्याच्या दृष्टीने सुनावणी ठरते का?

उत्तर : आलेल्या पत्रांत या प्रश्नाइतकी कळकळ दुसऱ्या कोणत्याही प्रश्नात दिसली नाही, म्हणून उत्तरही थोडे विस्ताराने देतो. आऱ्हूस कराराच्या सहाव्या अनुच्छेदात लोकसहभागाची एक कसोटी दिली आहे : सहभाग लवकर, सर्व पर्याय खुले असताना झाला पाहिजे. माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाचे शब्द हेच आहेत. जागा ठरली, कर्ज मंजूर झाले, यंत्रांची मागणी नोंदवली गेली आणि मग 'आपल्या हरकती व सूचना कळवा' असे जाहीर झाले, तर त्या हरकतींमुळे बदलण्यासारखे काही शिल्लक राहिलेले नसते.

परंतु 'निर्णय आधीच झाला होता' हे न्यायालयात सिद्ध करणे फार कठीण असते. मनातला हेतू कागदावर सापडत नाही. म्हणून जी प्रकरणे लोकांनी जिंकली, त्यांतील बहुतेकांत त्यांनी हेतूवर बोट न ठेवता प्रक्रियेतील एखादी ठोस उणीव दाखवून दिली. केनियातील लामू येथील १,०५० मेगावॅटच्या कोळसा वीजप्रकल्पाचे प्रकरण त्या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. कंपनीने लोकांच्या बैठका घेतल्या होत्या, हे कोणी नाकारले नव्हते. परंतु या बैठका मुख्यतः परिणामांचा अभ्यास पूर्ण होण्यापूर्वीच्या, प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या होत्या. अभ्यास होऊन हवेत किती राख आणि वायू जाणार, समुद्राच्या पाण्यावर आणि मासेमारीवर काय परिणाम होणार, हे जेव्हा अहवालात आले, त्यानंतर तो अहवाल घेऊन लोकांकडे योग्य रीतीने जाणे झालेच नाही. केनियाच्या राष्ट्रीय पर्यावरण न्यायाधिकरणाने २६ जून २०१९ रोजी प्रकल्पाचा परवाना रद्द केला. परिणाम काय होणार हेच ठाऊक नसलेल्या लोकांशी झालेली चर्चा ही परिणामांविषयीची चर्चा ठरू शकत नाही, असा त्याचा अर्थ. ज्यांनी बैठकांच्या तारखा आणि अहवालाची तारीख शेजारी ठेवून पाहिली असेल, त्यांना हा मुद्दा आपोआप दिसला असेल.

दुसरे प्रकरण दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे, जो भाग 'वाइल्ड कोस्ट' म्हणून ओळखला जातो. समुद्रतळाखालील तेल व वायूच्या शोधासाठी दिलेला हक्क तेथील मच्छीमार समाजांनी आव्हानित केला. वृत्तपत्रांतील सूचना इंग्रजी आणि आफ्रिकान्स भाषांत होत्या. किनाऱ्यावरचे लोक बोलतात त्या भाषा वेगळ्या. सल्लामसलत झाली ती प्रामुख्याने पारंपरिक प्रमुखांशी, आणि प्रमुखांशी बोलणे म्हणजेच समाजाशी बोलणे असे गृहीत धरले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये मखांडा येथील उच्च न्यायालयाने ही सल्लामसलत अपुरी ठरवून तो हक्क रद्द केला. जून २०२४ मध्ये अपिलीय न्यायालयाने प्रक्रिया बेकायदा असल्याचा निष्कर्ष कायम ठेवला, परंतु हक्काच्या नूतनीकरणाच्या अर्जावर निर्णय होईपर्यंत रद्दबातल ठरवण्याचा आदेश स्थगित केला. हा दुसरा भाग मी मुद्दाम सांगतो आहे, कारण अशा लढ्यांत पूर्ण विजय क्वचितच मिळतो आणि पहिल्या निकालावर थांबून चालत नाही.

भारतात १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने पर्यावरणीय जनसुनावणीची पद्धत घालून दिली आहे. सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते, सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या निकट घ्यावी लागते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेला अधिकारी असावा लागतो, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो आणि सुनावणीचे चित्रीकरण करावे लागते. सुनावणी संपताना, मांडल्या गेलेल्या सर्व मतांचा गोषवारा उपस्थितांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवून मगच इतिवृत्तावर सही व्हावयाची असते. ही शेवटची तरतूद फार थोड्या लोकांना माहीत असते आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची आहे. गोषवारा वाचला जात असताना सभागृह रिकामे झालेले असेल तर विरोधाचे पाच तास इतिवृत्तात पाच ओळींत उतरतात, आणि पुढे तज्ज्ञ समितीपुढे व न्यायाधिकरणापुढे जाते ते इतिवृत्तच. शेवटपर्यंत बसावे, गोषवारा ऐकावा आणि एखादा मुद्दा सुटला असेल तर तेथेच तो नोंदवून घ्यावा.

प्रश्न : आमचा गट लहान आहे आणि आमच्यापैकी कोणाचीही जमीन प्रकल्पात जात नाही. आम्हाला न्यायालयात उभे राहता येईल का?

उत्तर : बहुतेक ठिकाणी येईल. स्वीडनमध्ये एके काळी असा नियम होता की, किमान दोन हजार सदस्य असलेल्या पर्यावरण संस्थेलाच अशा निर्णयांविरुद्ध अपील करता येईल. स्टॉकहोममधील एका स्थानिक संस्थेच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २००९ मध्ये तो नियम अमान्य केला, कारण स्थानिक प्रश्नांवर लढणाऱ्या संस्था स्वभावतःच लहान असतात आणि असा नियम नेमक्या त्यांनाच बाहेर ठेवतो. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेने तर अनुच्छेद ७० मध्ये स्पष्टच लिहिले आहे की, स्वच्छ व निरोगी पर्यावरणाच्या हक्कासाठी अर्ज करणाऱ्याला स्वतःचे नुकसान दाखवण्याची गरज नाही. फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये जंगलतोडीच्या परवान्यांविरुद्ध आलेल्या मुलांना स्वतःच्या आणि अजून न जन्मलेल्या पिढ्यांच्या वतीनेही बोलण्याची मुभा दिली. भारतात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० च्या कलम १८ नुसार कोणतीही 'व्यथित व्यक्ती', त्यात प्रातिनिधिक संस्था आणि संघटनाही आल्या, अर्ज करू शकते. उभे राहण्याचा अधिकार ही आज पूर्वीइतकी मोठी अडचण उरलेली नाही. पैसा आणि वेळ या त्याहून मोठ्या अडचणी आहेत.

प्रश्न : हरलो तर समोरच्या पक्षाचा खर्च आमच्यावर पडेल, या भीतीने गट मागे हटतात. याला काही उपाय आहे का?

उत्तर : ही भीती अनाठायी नाही. इंग्लंडमध्ये रग्बी येथील सिमेंट कारखान्यात टायरचे तुकडे जाळण्याच्या परवान्याला आव्हान दिले गेले होते. मूळ अर्जदाराने माघार घेतल्यावर लिलियन पॅलिकारोपुलोस या रहिवासी महिला पुढे आल्या आणि त्यांनी प्रकरण संसदेच्या वरिष्ठ सभागृहातील, म्हणजे तेव्हाच्या तेथील सर्वोच्च, न्यायपीठापर्यंत नेले. तेथे २००८ मध्ये त्या हरल्या आणि समोरच्या पक्षांनी सुमारे ८८ हजार पौंडांच्या खर्चाची मागणी केली. खर्चाचा हा वाद पुन्हा युरोपीय न्यायालयात गेला, कारण आऱ्हूस कराराच्या नवव्या अनुच्छेदानुसार दाद मागण्याची प्रक्रिया परवडण्यापलीकडे महाग असता कामा नये. एप्रिल २०१३ मध्ये त्या न्यायालयाने सांगितले की, खर्च ठरवताना अर्जदाराची ऐपत तर पाहावीच, पण ती रक्कम वस्तुनिष्ठ दृष्टीनेही अवाजवी नसावी. कोणी अपील करण्याचे धैर्य दाखवले, एवढ्यावरून त्याला खर्च परवडतो असे मानता येणार नाही, हेही त्यात आले. त्याच सुमारास इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा प्रकरणांसाठी खर्चाची मर्यादा लागू झाली : हरलेल्या एकट्या व्यक्तीवर साधारणपणे ५ हजार पौंड, संस्थेवर १० हजार पौंड. पुढे २०१७ मध्ये या मर्यादा न्यायालयाला कमीजास्त करता येतील अशी दुरुस्ती झाली आणि खात्री काहीशी कमी झाली.

दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने २००९ मध्ये, बायोवॉच या संस्थेच्या प्रकरणात, याहून सरळ नियम घालून दिला : घटनात्मक हक्कांसाठी शासनाविरुद्ध सद्‌भावनेने लढणारा हरला तरी त्याच्यावर शासनाचा खर्च सहसा लादू नये. मला हा नियम अधिक न्याय्य वाटतो. सार्वजनिक हितासाठी आलेल्या माणसाने आपले घर पणाला लावावे ही अपेक्षाच चुकीची आहे. भारतीय हरित न्यायाधिकरणात भरपाई मागितलेली नसेल तर अर्जाचे शुल्क एक हजार रुपये आहे आणि वकिलाशिवायही बाजू मांडता येते, ही त्या व्यवस्थेची मोठी जमेची बाजू. तज्ज्ञांचे अहवाल, नकाशे, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांचा खर्च मात्र कोणत्याच नियमावलीत मोजला जात नाही.

प्रश्न : मुदत संपल्यामुळे अर्ज फेटाळला गेला, असे वारंवार ऐकू येते. मुदत नेमकी कधीपासून मोजतात?

उत्तर : निर्णय झाल्याच्या तारखेपासून की तो लोकांना कळल्यापासून, हाच खरा वाद असतो. इंग्लंडमध्ये नियोजनविषयक परवानगीला आव्हान देण्यासाठी सहा आठवडे मिळतात, आयर्लंडमध्ये आठ. भारतात पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपिलासाठी तीस दिवस आहेत. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी साठ दिवसांपर्यंतचा विलंब माफ होऊ शकतो, त्यापुढे न्यायाधिकरणाला अधिकारच उरत नाही. अरुणाचल प्रदेशातील एका जलविद्युत प्रकल्पाच्या प्रकरणात न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये स्पष्ट केले की, मंजुरी तिच्या अटींसह लोकांपर्यंत पोहोचवण्याचे जे कायदेशीर कर्तव्य प्रकल्पधारकावर आणि शासकीय यंत्रणेवर आहे, ते पूर्णपणे पार पडल्यावरच मुदत धावू लागते. अर्धवट जाहिरात किंवा न उघडणारे संकेतस्थळ पुरेसे नाही. तरीही या निकालाच्या भरवशावर राहू नये. ज्या दिवशी निर्णय झाल्याचे कानावर येईल तोच पहिला दिवस समजावा.

प्रश्न : न्यायालय शेवटी 'प्रक्रिया नीट झाली का' एवढेच पाहते. प्रकल्प चांगला की वाईट हे ते सांगत नसेल तर या खटपटीचा उपयोग काय?

उत्तर : प्रश्न रास्त आहे, आणि त्यातील तक्रारही पुष्कळ अंशी खरी आहे. बहुतेक देशांत न्यायालये अशा निर्णयांचे पुनर्विलोकन करतात. निर्णय घेणाऱ्याच्या जागी स्वतः बसत नाहीत. प्रक्रियेतील दोष दाखवून परवानगी रद्द झाली तरी दोष दुरुस्त करून तीच परवानगी पुन्हा देता येते, आणि असे घडतेही.

काही व्यवस्था याच्या पुढे गेल्या आहेत. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सचे भूमी व पर्यावरण न्यायालय १९८० पासून काम करते आणि काही प्रकारच्या अपिलांत ते गुणवत्तेवर नवा निर्णय देते. ग्लॉस्टर या गावाजवळच्या कोळसा खाणीला परवानगी नाकारल्यावर कंपनी अपिलात गेली, तेव्हा रहिवाशांच्या गटाने आपल्याला पक्षकार करून घेण्याची मागणी केली आणि ती मान्य झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने खाण नाकारली ती दरीच्या दृश्यावर आणि समाजजीवनावर होणारे परिणाम तसेच हवामानावरील परिणाम या सर्वांचा विचार करून. रहिवासी पक्षकार म्हणून आत नसते, तर हवामानाविषयीचा पुरावा इतक्या तपशिलाने पुढे आला असता का, याची मला शंका वाटते.

आता केवळ प्रक्रियेवरचा निकाल किती खोल जाऊ शकतो तेही पाहू. इंग्लंडमधील सरे परगण्यात हॉर्स हिल येथे तेलविहिरींना परवानगी देताना विहिरीच्या जागेवरील उत्सर्जन मोजले गेले. काढलेले तेल पुढे जाळल्यावर होणारे उत्सर्जन मोजलेच नव्हते. सारा फिंच यांनी स्थानिक गटाच्या वतीने त्याला आव्हान दिले. उच्च न्यायालयात त्या हरल्या, अपिलीय न्यायालयातही हरल्या, आणि २० जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात तीन विरुद्ध दोन अशा मताने जिंकल्या. तेलाला परवानगी देऊ नका, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. परवानगी द्यायचीच असेल तर संपूर्ण परिणाम माहीत असताना आणि लोकांनाही ते माहीत करून देऊन द्या, एवढेच सांगितले. वरवर पाहता ही केवळ प्रक्रिया. परंतु ज्या परिणामाचा आकडा अहवालात नव्हता त्यावर सार्वजनिक चर्चाच होऊ शकत नव्हती. आता ती टाळता येणार नाही, आणि तेथील पुढच्या तेल व कोळसा प्रकल्पांनाही हा निकाल लागू पडू लागला आहे.

प्रश्न : खटला चालू असताना काम सुरूच राहते. निकाल लागेपर्यंत डोंगर शिल्लक राहत नाही. स्थगिती का मिळत नाही?

उत्तर : अंतरिम आदेश देताना न्यायालय दोन्ही बाजूंच्या संभाव्य नुकसानीची तुलना करते. कंपनीचे रोजचे नुकसान आकड्यांत मांडलेले असते, लोकांचे मांडलेले नसते. त्यातच, हरलात तर स्थगितीमुळे झालेले नुकसान भरून द्या, अशी हमी काही ठिकाणी मागितली जाते आणि सामान्य माणसाचा मार्ग तेथेच बंद होतो. म्हणून स्थगितीचा अर्ज मुख्य अर्जासोबतच, पहिल्या दिवशी द्यावा, आणि कोणते काम सुरू झाल्यास नेमके काय कायमचे नष्ट होईल हे छायाचित्रे, नकाशा आणि तारखांसह दाखवावे.

प्रश्न : हरकत घेणाऱ्यांवर बदनामीचे दावे लावले जातात, धमक्या येतात. कायदा त्यांचे रक्षण करतो का?

उत्तर : काही ठिकाणी करतो, पुरेसा कोठेच करत नाही. होंडुरासमध्ये अग्वा झार्का धरणाला विरोध करणाऱ्या लेंका समाजाच्या नेत्या बेर्ता कासेरेस यांची २ मार्च २०१६ रोजी हत्या झाली. त्यानंतर दोन वर्षांनी मान्य झालेल्या एस्काझू कराराच्या नवव्या अनुच्छेदात पर्यावरण रक्षकांना सुरक्षित वातावरण देण्याचे आणि त्यांच्यावरील हल्ल्यांचा तपास करण्याचे कर्तव्य राष्ट्रांवर घातले आहे. आऱ्हूस करारातही हरकत घेणाऱ्याला शिक्षा, छळ किंवा त्रास होता कामा नये असे म्हटले आहे, आणि २०२२ पासून त्यासाठी एक विशेष प्रतिनिधी नेमलेला आहे. केवळ तोंड बंद करण्यासाठी लावलेला दावा लवकर फेटाळून लावण्याची सोय फिलिपिन्सच्या न्यायालयाने २०१० च्या पर्यावरणविषयक नियमांत केली. युरोपीय संघानेही २०२४ मध्ये तशा स्वरूपाचा निर्देश काढला. माणसे एकेकटी पुढे न येता ठराव करून, अनेकांच्या सह्यांनी अर्ज करतात तेव्हा कोणा एकाला लक्ष्य करणे अवघड होते. कायद्याच्या भरवशावर थांबण्याऐवजी एवढी काळजी लोकांनी स्वतः घ्यावी.

प्रश्न : बहुसंख्य लोकांनी मतदान करून प्रकल्प नाकारला, तर तो नाकारलाच गेला असे का मानत नाहीत?

उत्तर : बहुतेक कायद्यांत लोकांचे मत विचारात घेणे बंधनकारक असते, ते मान्य करणे बंधनकारक नसते. कोलंबियातील काहामार्का येथे मार्च २०१७ मध्ये सुमारे ९८ टक्के मतदारांनी सोन्याची खाण नाकारली. परंतु पुढच्याच वर्षी त्या देशाच्या घटनात्मक न्यायालयाने अशा स्थानिक मतदानाने खाणकाम रोखता येणार नाही, असा निर्णय दिला. याउलट ओडिशातील नियामगिरी डोंगरावरील बॉक्साइट खाणीबाबत भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी, वनहक्क कायद्याच्या आधारे, तेथील समाजांच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले. जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा अधिकारी निरीक्षक म्हणून उपस्थित असताना बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्र शासनाने वनमंजुरी नाकारली.

दोन्ही ठिकाणी लोकांचा नकार तितकाच स्पष्ट होता. नियामगिरीत त्या नकाराच्या मागे कायद्याने मान्य केलेला विशिष्ट हक्क उभा होता, आणि तो कोणापुढे, कोणत्या पद्धतीने नोंदवायचा हे न्यायालयाने ठरवून दिले होते. म्हणून 'आम्हाला प्रकल्प नको' एवढे लिहून थांबू नये. कोणत्या कायद्यातील कोणत्या हक्काला धक्का लागतो, हे त्याच वाक्यात यावे.

प्रश्न : आमच्याकडे सूचना नुकतीच लागली आहे. सुनावणीला तीस दिवस आहेत. पहिल्या आठवड्यात काय करावे?

उत्तर : सूचनेचे तारखेसह छायाचित्र घ्यावे आणि ती कोणत्या वृत्तपत्रांत, कोणत्या भाषेत आली ते अंक जपून ठेवावेत. सूचनेत ज्या कार्यालयांत अहवाल पाहायला मिळेल असे लिहिले असेल, त्या कार्यालयात दोघातिघांनी प्रत्यक्ष जाऊन तो मागावा. मिळाला नाही तर तसा लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. संपूर्ण अहवाल मिळाल्यावर सर्वांनी सर्व वाचण्याचा आग्रह धरू नये. पाण्याचे प्रकरण एकाने, वाहतुकीचे दुसऱ्याने, जागेच्या पर्यायांचे तिसऱ्याने घ्यावे. पर्यायांचे प्रकरण विशेष काळजीने वाचावे, कारण दुसऱ्या जागा खरोखर तपासल्या गेल्या की नावापुरत्या लिहिल्या गेल्या, हे तेथेच कळते. आपल्याला ठाऊक असलेली विहीर, ओढा, शाळा किंवा गायरान नकाशात दाखवलेले नसेल तर ते ठिपका काढून, अंतरासह दाखवावे. अशी एक ठोस चूक सामान्य विरोधाच्या पानभर मजकुरापेक्षा उपयोगी पडते.

हरकत लेखी द्यावी, मुद्द्यांना क्रमांक द्यावेत आणि पोच घ्यावी, कारण सुनावणीत बोललेले निसटू शकते, पण पोच असलेला कागद इतिवृत्ताला जोडावाच लागतो. तोपर्यंत एखादा वकील किंवा विधि साहाय्य केंद्र गाठून ठेवावे. सुनावणीनंतर मंजुरी कोणत्या संकेतस्थळावर आणि कोणत्या वृत्तपत्रांत जाहीर होते याची माहिती काढून, ती दर आठवड्याला तपासण्याची जबाबदारी गटातील एका व्यक्तीला नावानिशी द्यावी.